तिसरी वाट

पुण्यात ज्यांच्या गच्चीवर एकेकाळी सिंहगडाकडे तोंड करून ॲल्युमिनियमची अँटेना उभी असायची, त्यांनी बालून हाताळलेला आहे; नाव माहीत नसेल एवढंच. अँटेनापासून खाली एक चपटी पट्टी यायची. दोन कडांना दोन तारा आणि मधे प्लास्टिकचा पडदा. ही पट्टी खिडकीच्या फटीतून घरात शिरायची आणि टीव्हीच्या पाठीमागे अंगठ्याएवढ्या एका डबीच्या दोन स्क्रूंखाली तिची टोकं आवळलेली असायची. डबीचं दुसरं तोंड टीव्हीच्या गोल खाचेत खोचलेलं. चित्रात मुंग्या आल्या की एक जण गच्चीवर, एक जिन्यात आणि एक टीव्हीसमोर अशी साखळी उभी राहायची. एवढं करूनही चित्र सुधारलं नाही, तर कुणीतरी ती डबी हलवून बघायचं.

ती डबी फोडली तर आत करंगळीच्या पेराहून लहान, दोन भोकांचा काळा मणी निघतो आणि त्या भोकांतून ओवलेली बारीक तार. मणी फेराइटचा. एवढ्याशा सामानावर ती डबी दोन कामं करायची. गच्चीवरच्या दुमडलेल्या डायपोलचा इम्पिडन्स साधारण ३०० ओहम आणि टीव्हीला हवे ७५, म्हणून चारास एक असं रूपांतर, हे पहिलं काम. दुसरं जरा सूक्ष्म आहे. पट्टीच्या दोन्ही तारा समान दर्जाच्या. एकीतून जेवढा प्रवाह जातो तेवढाच दुसरीतून उलट येतो आणि दोघींपैकी एकही जमिनीशी बांधलेली नसते. टीव्हीच्या खाचेत मात्र मधली सुई जिवंत आणि भोवतालचा पत्रा सेटच्या सांगाड्याला जोडलेला. एक बाजू समतोल, दुसरी असमतोल. बॅलन्स्ड आणि अनबॅलन्स्ड या दोन शब्दांच्या सुरुवातीची अक्षरं जोडून या वस्तूचं नाव बालून पडलं.

मागच्या प्रकरणात हौशी रेडिओच्या अँटेनाची तार किती लांब कापायची ते आपण पाहिलं. ७.१ मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगाची तार सुमारे २० मीटर, म्हणजे मधे तोडली की दोन्हीकडे दहा-दहा मीटर. आता रिगमधून, म्हणजे आपल्या रेडिओ संचातून, निघालेली शक्ती त्या तारेपर्यंत न्यायची आहे. घरच्या अँटेनाला याचं उत्तर एकदा शोधून ते छपरावर ठोकून टाकता येतं. पाठीवरच्या पिशवीतून डोंगरावर नेलेल्या अँटेनाचं तसं नाही. आज झाड मिळतं, उद्या नुसता कातळ. आज तार सात मीटर उंच, उद्या कारवीच्या शेंड्यांना टेकलेली. उंची बदलली, खालची जमीन बदलली की तारेचा इम्पिडन्स बदलतो. आणि बॅटरी लहान, त्यामुळे हाताशी फार तर दहा वॉट. या दहा वॉटचं वाटेत काय होतं ते पाहू. डोंगरावर बसून उत्तर न मिळालेले बहुतेक लोक हवामानाला दोष देतात. माझ्या अनुभवात दोष बहुतेक वेळा या वाटेतच असतो.

सगळ्यात साधी मांडणी आधी घेऊ. काठीच्या टोकावर डायपोलचा मध्य, दोन्ही टोकं उतरती, उलट्या 'व्ही'सारखी. मोकळ्या अवकाशात डायपोलच्या मध्यावर ७३ ओहम मिळतात. असे पंख खाली झुकवले की आकडा ५० च्या आसपास येतो. आपली कोॲक्स केबल ५० ओहमची, रिगही ५० चा. रूपांतराची गरज नाही, ट्यूनरची नाही. मग थेट जोडून टाकावं की! बरेच जण तसंच करतात, मीही केलं.

कोकणातल्या एका सड्यावर मार्च महिन्यातली संध्याकाळ होती. रिग २० वॉटचा, डायपोल थेट कोॲक्सला जोडलेला, मीटरवर एसडब्ल्यूआर, म्हणजे जुळणी किती बिघडली आहे त्याचं माप (एक म्हणजे चोख जुळणी), दीडच्या आत. बोलायला लागलो तर तामिळनाडूतल्या एका स्टेशनने सांगितलं की आवाज फाटतोय, शब्द कळत नाहीत. मोर्सची किल्ली जोडली तर तिच्या धातूच्या भागाला बोट लागलं की झिणझिण्या. आणि सगळ्यात चमत्कारिक म्हणजे कोॲक्स नुसती मुठीत धरली तरी एसडब्ल्यूआरचा काटा हलायचा. मी अंधार पडेपर्यंत एकेक सांधा उघडून पाहिला. सांधे चोख होते. कोॲक्सला हात लावल्यावर काटा हलतो याचा अर्थ एकच: तिच्या बाहेरच्या अंगावरून प्रवाह वाहतो आहे, म्हणजे कोॲक्स स्वतःच अँटेनाचा भाग झाली आहे. ही खूण ज्याला कळली त्याचे पुष्कळ तास वाचतात.

कोॲक्समध्ये मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी असे दोनच वाहक डोळ्यांना दिसतात. पण उच्च वारंवारितेचा प्रवाह धातूच्या कातडीपुरताच वाहतो. ७ मेगाहर्ट्झला तांब्यात ही कातडी मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढी पातळ असते. त्यामुळे जाळीचा आतला पृष्ठभाग आणि बाहेरचा पृष्ठभाग दोन वेगळ्या तारांसारखे वागतात. जाळीच्या आतून वर आलेला प्रवाह टोकाशी पोचला की त्याच्यापुढे दोन वाटा असतात: डायपोलचा आपल्या बाजूचा अर्धा भाग, किंवा जाळीच्या बाहेरच्या अंगाने परत खाली रिगकडे. मधल्या तारेकडचा अर्धा एक, जाळीकडचा अर्धा दोन, आणि ही तिसरी.

शेतात दारं धरलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. नव्या वाफ्याचं दार उघडलं आणि आधीचं दार मातीने नीट बुजवलं नाही, तर पाणी दोन्हीकडे जातं. कुठे किती, हे उतारावर ठरतं. इथे तो उतार म्हणजे कोॲक्सची लांबी आणि तिचं खालचं टोक रिगमधून, बॅटरीतून, आपल्या शरीरातून जमिनीशी कसं जोडलं गेलंय ते. म्हणूनच एका जागी चाललेली मांडणी दुसऱ्या जागी बिघडते. तार तीच, केबल तीच, फक्त उतार बदललेला असतो.

तिसरी वाट बुजवायची आणि आतल्या वाटेला धक्का लागू द्यायचा नाही, यासाठीची युक्ती फार देखणी आहे. कोॲक्स फेराइटच्या कड्याभोवती गुंडाळायची. आतमध्ये मधल्या तारेतला प्रवाह आणि जाळीच्या आतल्या अंगाचा प्रवाह समान आणि उलट, त्यांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडतात. फेराइटला त्यांचा पत्ताही लागत नाही. बाहेरच्या अंगावरून निघालेल्या प्रवाहाला मात्र असा जोडीदार नाही. त्याच्यासमोर ते कडं काही हजार ओहमचा बांध घालतं. हाच एकास एक करंट बालून. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाली मंडळी, त्याला नुसतं 'चोक' म्हणतात. स्वित्झर्लंडच्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीतले अभियंते गुस्ताव ग्वानेला यांनी १९४४ मध्ये अशा प्रेषणवाहिनीच्या गुंडाळीचं तत्त्व मांडलं आणि आजचे बहुतेक करंट बालून त्यांच्याच आराखड्याचे वंशज आहेत. वॉल्टर मॅक्सवेल या अमेरिकी हॅमने १९८३ मध्ये त्याहून सोपं रूप छापलं: कोॲक्सचा वीतभर तुकडा घ्यायचा आणि त्यावर मंगळसूत्रात ओवावेत तसे फेराइटचे पन्नास मणी ओवायचे.

पिशवीत न्यायला मला कडंच बरं वाटतं. एफटी १४०-४३ या नावाचं कडं घ्यावं. १४० म्हणजे बाहेरचा व्यास १.४ इंच, ४३ म्हणजे फेराइटच्या मिश्रणाचा क्रमांक. त्यावर बारीक कोॲक्सचे बारा वेढे. सहा वेढे एका बाजूला घ्यायचे, मग केबल कड्याच्या मधून तिरकी पलीकडे काढायची आणि उरलेले सहा समोरच्या बाजूला घ्यायचे. असं केलं की दोन टोकं समोरासमोर निघतात, शेजारी येत नाहीत. केबल जितक्या वेळा भोकातून जाते तितके वेढे, बाहेरून मोजू नयेत. बाहेरून मोजलं की एक वेढा हमखास चुकतो. कोॲक्स फार आवळूनही चालत नाही. आवळली की आतली मधली तार मऊ इन्सुलेशनमधून सरकत जाळीच्या जवळ येते आणि एखाद्या उन्हाळ्यात तिला चिकटते.

खरेदीबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला टोपल्यांत सुटी कडी मिळतात, त्यांवर काहीच लिहिलेलं नसतं. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधलं पिवळं-पांढरं कडं तर फुकटच हाती येतं. ते लोहचूर्णाचं असतं, फेराइटचं नाही, आणि रेडिओच्या वारंवारितेला शक्ती पिऊन तापण्याखेरीज काही करत नाही. लाल रंगाचं लोहचूर्णाचं कडं ट्यूनरच्या कॉइलसाठी उत्तम, पण चोकसाठी त्याची पारगम्यता फार कमी: साधारण १०, जिथे ४३ क्रमांकाच्या फेराइटची ८०० असते. मिश्रणाचा क्रमांक माहीत नसेल तर ते कडं विकत घेऊ नका.

आता ट्यूनर. या यंत्राचं नावच दिशाभूल करतं. अँटेना ट्यूनर अँटेनाला ट्यून करत नाही. तो रिग आणि पुढची सगळी व्यवस्था यांच्यामध्ये बसतो आणि रिगला सांगतो की पुढे ५० ओहम आहेत, निश्चिंत पाठव. त्याच्या पलीकडे केबलवर जे चाललंय ते तसंच चालू राहतं. मला हे एका ज्येष्ठ हॅमनी शिकवलं. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. एका टेकडीवर मी तोच वीस मीटरचा डायपोल १४ मेगाहर्ट्झला लावला होता, कोॲक्सनेच, ट्यूनर जुळवून.

"काका, बघा ना, एकास एक आला. तरी कुणी उत्तर देईना."

"एकास एक कुठे आला?"

"मीटरवर."

"मीटर कुठे आहे? ट्यूनरच्या अलीकडे. पलीकडे काय चाललंय ते त्या काट्याला काय ठाऊक! केबलला हात लावून बघ."

लावला. पाच मिनिटांच्या कॅरियरनंतर ट्यूनरजवळची पातळ केबल कोमट झाली होती.

त्या उबेचा हिशोब मांडता येतो. समजा एखाद्या पातळ कोॲक्सच्या तुकड्यात सगळं जुळलेलं असताना १ डेसिबल घट होते. दहा वॉट टाकले तर ७.९ वॉट वर पोचतात, हे सोसवतं. पण अँटेनापाशी एसडब्ल्यूआर १० असेल तर शक्ती त्या केबलमध्ये पुन्हा पुन्हा हेलपाटे घालते. अँटेना थोडी घेते, उरलेली परत पाठवते, ट्यूनर ती पुन्हा वर ढकलतो आणि प्रत्येक फेरीत केबल आपला वाटा कापून घेते. त्याच केबलची घट आता ३.४ डेसिबल होते आणि दहापैकी साडेचार वॉट तारेला मिळतात. माझ्या त्या टेकडीवर तर परिस्थिती याहून वाईट होती. ७ मेगाहर्ट्झला अर्ध्या तरंगाची असलेली तार १४ ला पूर्ण तरंगाची होते आणि तिच्या मध्यावर काही हजार ओहम उभे राहतात.

मीटरवर डोळे झाकून विश्वास का ठेवू नये, याचं आणखी एक उदाहरण आहे. जिच्यात अर्धी शक्ती वाटेतच खर्च होते अशी लांबलचक पातळ कोॲक्स घ्या आणि तिचं पलीकडचं टोक मोकळं सोडा. अँटेनाच नाही. वर पोचलेली अर्धी शक्ती परत फिरते, येताना तिचीही अर्धी होते, खाली फक्त पाव भाग परततो, आणि मीटर शांतपणे ३ दाखवतो. ट्यूनर त्याचा सहज १ करून देईल. केबल जितकी खराब तितका काटा समाधानी!

म्हणून एकच वीस मीटरची तार अनेक बँडवर वापरायची असेल, तर मी पुन्हा त्या टीव्हीच्या पट्टीकडे वळतो. ३०० ओहमची ती चपटी पट्टी, किंवा शिडीसारखी खिडक्या कापलेली ४५० ओहमची. हिच्यात शक्ती पिणारं प्लास्टिक कमी आणि त्याच शक्तीला प्रवाहही कमी, म्हणून घट अगदी थोडी. जुळलेल्या स्थितीत ०.१ डेसिबल घट असलेल्या पट्टीवर एसडब्ल्यूआर १० झाला तरी एकूण घट अर्ध्या डेसिबलच्या आतबाहेर राहते, म्हणजे दहा वॉटपैकी नऊच्या जवळपास वर पोचतात. हेलपाटे तेवढेच पडतात, पण या वाटेवर जकात नाही. इथे ट्यूनर आपलं खरं काम करतो. डायपोलच्या मध्यापासून खाली रिगजवळपर्यंत पट्टी, मग चोक, मग शक्य तितकी आखूड कोॲक्स आणि ट्यूनर. हॅम लोक या मांडणीला 'डबलेट' म्हणतात.

पट्टी ३०० ओहमची, मग मधे चारास एकचा बालून हवा, असं अनेक जण ठामपणे सांगतात आणि दुकानदार तोच विकतो. मला ते पटत नाही. पट्टीच्या खालच्या टोकाशी ३०० ओहम तेव्हाच दिसतात जेव्हा वरची अँटेना ३०० ची असते. आपली नसते. खाली कुठल्या बँडला २० ओहम येतील, कुठल्या बँडला २,०००. वीसचे चारास एकने पाच होतात, आणि पाच ओहमशी जुळवताना ट्यूनरच्या कॉइलमधून इतका प्रवाह जातो की शक्ती तिथेच जिरते. एकास एकचा चोक निदान वाईटाचं आणखी वाईट करत नाही. चोकवरही या मांडणीत ताण येतो, हे खरं. लुई व्हार्नी या इंग्लिश हॅमने १९४६ मध्ये आखलेली आणि १९५८ मध्ये छापलेली जी५आरव्ही ही ३१ मीटरची तार याच कुळातली, आणि उघड्या पट्टीला कोॲक्स जोडताना बालून लावावा की नाही याबद्दल त्यांनी स्वतःच पुढे आपला सल्ला बदलला, कारण चढ्या एसडब्ल्यूआरला बालूनचं फेराइट तापतं. दहा वॉटला ही भीती फारशी नाही. शंभर वॉटला कडं मोठं घ्यावं.

पट्टीचा एक दुर्गुण सांगायलाच हवा. ती ओली झाली की बिघडते. जूनमध्ये घाटमाथ्यावर धुकं उतरलं आणि पट्टीवर पाण्याचा पापुद्रा बसला की घट वाढते आणि ट्यूनरची सकाळची जुळणी दुपारी जुळत नाही. ती जमिनीवर लोळवायची नाही, लोखंडी रेलिंगला चिकटवायची नाही, कोॲक्ससारखी गुंडाळूनही ठेवायची नाही. उरलेली लांबी सैल नागमोडी टांगावी. चार-सहा ठिकाणी पीळ दिला तर वाऱ्यात फडफडत नाही.

ट्यूनरच्या पोटात काय असतं? बहुतेकदा एक कॉइल आणि एक कपॅसिटर, इंग्रजी 'एल' अक्षरासारखे मांडलेले. कपॅसिटर नेहमी ज्या बाजूला ओहम जास्त त्या बाजूला येतो. हाताने फिरवायच्या जुन्या ट्यूनरमध्ये दोन कपॅसिटर आणि मधे कॉइल असते. त्यात एकाच अँटेनाला अनेक जुळण्या सापडतात आणि सगळ्या मीटरला सारख्याच दिसतात, पण काहींमध्ये कॉइल भाजते. कमीत कमी कॉइल आणि जास्तीत जास्त कपॅसिटर ठेवून जी जुळणी मिळेल ती ठेवावी. आताच्या स्वयंचलित ट्यूनरमध्ये रिले असतात. प्रत्येकी आधीच्या दुपटीची अशा सात कॉइल आणि सात कपॅसिटर घेतले तर १२८ गुणिले १२८, शिवाय कपॅसिटर अलीकडे की पलीकडे, मिळून ३२,७६८ शक्यता होतात. बटण दाबलं की दोन-चार सेकंद रिलेचा किर्रर्र आवाज येतो, वाळक्या शेंगा हलवल्यासारखा, आणि मग शांतता. त्या शांततेआधी आपण हवेत कॅरियर सोडलेला असतो, म्हणून वारंवारिता कुणी वापरत नाही ना ते आधी ऐकावं, विचारावं आणि शक्ती कमी ठेवावी.

मोजणी न करता हवी तेवढी तार झाडावर फेकायची, नवास एकचा ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूनर लावायचा, ही लोकप्रिय पद्धत मी थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यात जेवढी सोय आहे तेवढीच गळती. एकच पथ्य महत्त्वाचं आहे. वापरायच्या कुठल्याही बँडला ती तार अर्ध्या तरंगाच्या पटीत येता कामा नये, नाहीतर टोकाशी हजारो ओहम येतात आणि नवाने भागूनही ते ट्यूनरच्या आवाक्याबाहेर राहतात. शिवाय तिला परतीची तार जमिनीवर पसरावी लागते.

हेच हजारो ओहम अडचण न मानता मुद्दाम वापरले, तर डोंगरावरची माझी सगळ्यात आवडती मांडणी तयार होते. वीस मीटरची अखंड तार, मधे तोड नाही, टोकाला जोडणी. अर्ध्या तरंगाच्या टोकाशी साधारण अडीच हजार ओहम असतात, आणि ७ ला अर्ध्या तरंगाची तार १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झला एक, दीड आणि दोन तरंगांची होते. म्हणजे चारही बँडना टोकाशी तोच मोठा आकडा. त्याला ४९ ने भागलं की ५०. ट्यूनरची गरज जवळपास संपते. काठी एकच लागते, किंवा एक झाड आणि दगड बांधलेली सुतळी.

एकोणपन्नासास एकचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे दोन वेढ्यांना चौदा वेढे, कारण ओहम वेढ्यांच्या गुणोत्तराच्या वर्गाने बदलतात. कडं तेच ४३ चं. इनॅमल तारेचे पहिले दोन वेढे प्राथमिक तारेशी पीळ घालून एकत्र घ्यायचे, मग दुय्यम तार एकटी पुढे जाते, सात झाले की कड्याच्या पलीकडे आणि तिथे उरलेले सात. कोॲक्सच्या बाजूला १०० पिकोफॅरडचा उच्च व्होल्टेजचा कपॅसिटर, नाहीतर २१ आणि २८ ला जुळणी घसरते. झाल्यावर घरीच तपासावं: तारेच्या जागी २.२ किलोओहम आणि २२० ओहम हे दोन साधे रेझिस्टर एकापुढे एक जोडायचे, मिळून २,४२०, आणि नॅनो व्हीएनए या मोजयंत्रावर एसडब्ल्यूआर बघायचा. वायर गुंडाळलेले रेझिस्टर चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात. पण जुळणी चांगली म्हणजे कार्यक्षमता चांगली असं नाही, हे आपण वर पाहिलंच. म्हणून डोंगरावर मिनिटभर मोर्स पाठवून झाल्यावर, प्रक्षेपण थांबवून, कड्याला बोट लावतो. कोमट असेल तर आपल्या दहा वॉटमधला तेवढा वाटा तिथे गेला. दोन कडी एकावर एक ठेवून त्यांवर मिळून वेढे घेतले की ही ऊब कमी होते. वजन थोडं वाढतं, मी ते सोसतो.

प्रक्षेपण थांबवून, हे शब्द वाचून सोडू नका. अडीच हजार ओहमवर दहा वॉट म्हणजे दीडशेहून जास्त व्होल्ट, शंभर वॉट म्हणजे जवळजवळ पाचशे. जवळ मुलं किंवा गुरं असतील तर जोडणीचं टोक डोक्यावर न्यावं. तार विजेच्या तारांच्या आसपासही टाकू नये. आणि एप्रिल-मेमध्ये वळवाचा पहिला गडगडाट ऐकू आला की कोॲक्स रिगमधून काढून पठारावरून उतरायला लागावं, समोरचा कितीही दूरचा असो.

व्होल्ट जास्त म्हणजे प्रवाह थोडा. डायपोलच्या मध्यावर दहा वॉटला ३७० मिलिॲम्पिअर वाहतात, या टोकाशी जेमतेम ६४. पण तेवढ्यालाही परतीची वाट हवी. तारेत जाणारा प्रवाह कुठूनतरी परत यायलाच हवा, आणि इथे डायपोलचा दुसरा अर्धा भागच नाही. तो येतो कोॲक्सच्या जाळीच्या बाहेरच्या अंगावरून. सड्यावर ज्या तिसऱ्या वाटेने माझी संध्याकाळ खाल्ली होती, तीच इथे अँटेनाचं उरलेलं अंग आहे. ट्रान्सफॉर्मरला लागूनच चोक लावला तर हे अंग कापलं जातं आणि बिचारा प्रवाह मिळेल तिथून वाट काढतो. चोक अजिबात नसेल तर तो पार रिगपर्यंत आणि किल्लीवरच्या बोटापर्यंत येतो.

तरंगलांबीचा विसावा भाग मोकळा ठेवावा असा हॅमांचा अनुभव आहे, ७ मेगाहर्ट्झला दोन मीटर. मी ट्रान्सफॉर्मरपासून दोन-अडीच मीटर कोॲक्स मोकळी सोडतो, तिथे बारा वेढ्यांचा चोक, मग उरलेली कोॲक्स रिगपर्यंत. नवीन जागी बसलो की सोबत्याला किल्ली दाबायला सांगतो, शक्ती एक वॉटवर, आणि कोॲक्स मुठीत धरून रिगकडून चोककडे सरकत जातो. रिगजवळ काटा स्थिर असतो. चोक ओलांडून ट्रान्सफॉर्मरकडच्या बाजूला मूठ गेली की तो हलायला लागतो, आणि मग मी हात काढून रिगपाशी येऊन बसतो.